फोन आणि टॉवरचं रेडिएशन घरच्या घरी कसं तपासावं: खान्देशातल्या माणसांसाठी पायरी-पायरीने

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी तळोद्याला माहेरी आली. त्याच आठवड्यात समोरच्या जिभाऊंच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहायला लागला. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या. "बाई, हाऊ टावर आपली गल्लीमा नको," असं पहिल्यांदा शेजारच्या मावशी म्हणाल्या आणि मग सगळ्यांनीच धरलं. कुणी गर्भाचं नाव घेतलं, कुणी कॅन्सरचं, कुणी चिमण्यांचं. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस वाचण्यात, फोन करण्यात, अर्ज भरण्यात गेले. बराच वेळ चुकीच्या दिशेने गेला. गच्चीवरच्या टॉवरकडे मी डोळे लावून बसले होते आणि लेक रोज रात्री मधल्या खोलीत, जिथे रेंजची एकच काडी येते, तिथे कानाला फोन लावून तासतासभर जावयांशी बोलत होती. तपासायला हवा होता आधी तो फोन. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये फोन आधी आणि टॉवर नंतर आहे. तुम्हीही याच क्रमाने जा, वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील.

हाताशी काय ठेवायचं

- ज्यांचे तपासायचे आहेत ते सगळे फोन. आजोबांचा बटणांचा फोनसुद्धा.
- फोनचं खोकं आणि त्यातलं बारीक अक्षरांचं माहितीपत्रक. टाकून दिलं असेल तर फोनचं नेमकं मॉडेल लिहून ठेवा.
- खरेदीची पावती.
- टॉवरसाठी: तुमचा मोबाईल नंबर, ईमेल, घराचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट, आणि टॉवरचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो.
- एक वही. आकडे तारखेसह लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका.

१. आधी "रेडिएशन" हा शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे हा शब्द ऐकला की एक्स-रे आणि कॅन्सरची शेकणी डोळ्यांपुढे येते. फोनच्या लहरी त्या घराण्यातल्या नाहीत. एक्स-रेच्या एकेका कणात पेशीतल्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद असते, त्यामुळे डीएनएची थेट मोडतोड होऊ शकते. आपले फोन साधारण ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. रेडिओ, टीव्ही, वायफाय यांच्या नात्यातल्याच या लहरी. त्यांच्या एका कणात रेणू तोडण्याचं बळ नसतं. शरीरावर त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच आहे: ऊब. पाण्याचा अंश असलेली कोणतीही गोष्ट या लहरी शोषते आणि किंचित तापते.

सगळ्या मर्यादा या उबेवरच बेतलेल्या आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की संपूर्ण शरीरात किलोमागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की वागणुकीत फरक पडतो. सामान्य माणसासाठी त्याचा पन्नासावा भाग धरला, म्हणजे ०.०८ वॅट. फोन मात्र शरीराच्या एकाच भागाला टेकतो, म्हणून त्या भागासाठी वेगळी मर्यादा ठरली. तिच्याकडे आता येऊ.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण खान्देशात ती सगळ्यांना भेडसावते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, फोन हातात धरवत नाही, आणि लोक म्हणतात, "बघा, किती रेडिएशन सोडतोय." तो ताप ऊन, बॅटरी, चार्जिंग आणि आतल्या प्रोसेसरचा असतो. बॅटरीसाठी तो वाईटच आहे, फोन सावलीत ठेवा. पण फोन किती तापला यावरून रेडिएशन मोजता येत नाही.

२. फोनची सार व्हॅल्यू काढा

डायल पॅडवर *#०७# दाबा. बहुतेक फोनमध्ये लगेच एक पाटी येते. त्यावर एसएआर, म्हणजे बोलताना सगळे "सार" म्हणतात तो आकडा दिसतो: शरीराच्या त्या भागात किलोमागे किती वॅट ऊर्जा शोषली जाते, ते माप. बहुधा दोन असतात: एक डोक्याजवळचा, एक अंगाजवळचा. दोन्ही वहीत उतरवा.

काही फोनमध्ये आकड्याऐवजी कंपनीच्या वेबसाइटची लिंक येते, काहींत काहीच येत नाही. मग सेटिंग्जमध्ये "फोनविषयी" या भागात कायदेशीर किंवा नियामक माहिती शोधा. तिथेही नसेल तर माहितीपत्रक, आणि शेवटी कंपनीच्या वेबसाइटचं भारतासाठीचं पान. भारतासाठीचंच पाहा. का, ते चौथ्या पायरीत सांगते.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे किलोमागे १.६ वॅट, तीही कोणत्याही एका ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. त्याआधी आपल्याकडे युरोपसारखी दहा ग्रॅमवर सरासरी काढलेली २ वॅटची मर्यादा होती. एक ग्रॅमची अट अधिक कडक आहे. थोडक्या जागी ऊर्जा साठली तर दहा ग्रॅमच्या सरासरीत ती पातळ होऊन जाते, एका ग्रॅममध्ये ती उघडी पडते.

लेकीच्या फोनचा आकडा मर्यादेच्या आत होता. त्या रात्री मला झोप लागली. पण तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला अजून कळायचं होतं.

३. हा आकडा येतो कुठून

ही पायरी सोडून पुढे गेलात तरी काम होईल, पण मी तुम्हाला थांबून वाचायला सांगेन. माझी निम्मी भीती इथेच गेली.

प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराचा एक पोकळ साचा असतो. त्याला "सॅम" म्हणतात. अमेरिकी लष्करातल्या माणसांची मापं १९८८ च्या सुमारास घेतली होती, त्यावरून हा मोठ्या पुरुषी डोक्याचा साचा बेतलेला आहे. तो आडवा ठेवतात, वरून उघडा, आणि त्यात द्रव भरतात. हा द्रव मेंदूच्या ऊतीसारखा वागतो, म्हणजे विजेच्या दृष्टीने तिच्याइतकाच वाहक. कमी मेगाहर्ट्झसाठीच्या जुन्या कृतींत त्यात पाणी, साखर आणि मीठ असायचं. आपण शंकरपाळ्यांसाठी पाक करतो ना, तसाच दाटसर. हे वाचलं तेव्हा प्रयोगशाळा एकदम ओळखीची वाटली मला. पाकाची तार चुकली की पदार्थ बिघडतो, तसंच इथे द्रवाचे गुण ठरलेल्या मापाबाहेर गेले की मोजणी बाद. खोली १८ ते २५ अंशांत राखावी लागते आणि मोजणीच्या काळात द्रवाचं तापमान फार हलू द्यायचं नसतं.

फोन साच्याच्या बाहेरून, खालच्या बाजूने, कानाला लावतात. आधी गालाला टेकवून, मग १५ अंश कलवून. आधी डावीकडे, मग उजवीकडे. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, चार्जर लावत नाहीत. शेजारी एक यंत्र टॉवरचं काम करतं आणि फोनला हुकूम देतं: पूर्ण ताकदीने बोल. मग रोबोटचा हात द्रवात एक बारीक सळईसारखी पट्टी सोडतो. तिच्या टोकाला विद्युतक्षेत्र ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. आधी सगळ्या भागातून ढोबळ फेरी होते, जिथे क्षेत्र सर्वांत जोरात सापडतं तिथे छोट्या घनाकृती जागेत मिलिमीटर-मिलिमीटर मोजत दुसरी फेरी. त्या क्षेत्राचा वर्ग, गुणिले द्रवाची विद्युतवाहकता, भागिले घनता. आला सार.

हे प्रत्येक बँडसाठी, म्हणजे लहरींच्या प्रत्येक पट्ट्यासाठी, प्रत्येक स्थितीत पुन्हा पुन्हा करतात आणि छापला जातो तो सगळ्यांतला सर्वांत मोठा आकडा. अंगाजवळच्या आकड्यासाठी डोक्याऐवजी सपाट तळाचं भांडं वापरतात आणि फोन कंपनीने जाहीर केलेल्या अंतरावर धरतात, उदाहरणार्थ ५ किंवा १५ मिलिमीटर. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरची अशी सार प्रयोगशाळा दिल्लीत आहे.

आता विचार करा. हा आकडा सर्वांत वाईट परिस्थितीतला आहे. रोजच्या वापरात फोन एवढा जोर क्वचितच लावतो. पण लावतो कधी, हा आपल्या कामाचा प्रश्न आहे.

४. आकडा वाचताना लोक कुठे चुकतात

सगळ्यात मोठी चूक: दुकानात दोन फोन शेजारी ठेवून ०.६ वाला "सुरक्षित" आणि १.१ वाला "घातक" ठरवणं. छापलेला आकडा एका बँडमधल्या एका स्थितीतला कमाल आकडा असतो. ०.६ वाला फोन अँटेना कमजोर असल्यामुळे तुमच्या घरात सतत पूर्ण ताकदीने चालत असेल, तर प्रत्यक्षात तोच जास्त ऊर्जा देईल. मर्यादेच्या आत आहे की नाही, एवढंच त्या आकड्याकडून घ्या.

दुसरी चूक युरोपच्या पानाची. एकाच फोनचे भारताच्या आणि युरोपच्या पानावर वेगळे आकडे दिसले म्हणून माझ्या भाच्याने कंपनी फसवते असं ठरवून टाकलं होतं. एक ग्रॅमची आणि दहा ग्रॅमची सरासरी वेगळी येणारच.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि बायकांनी ही विशेष लक्षात घ्यावी. अंगाजवळचा आकडा थोडं अंतर राखून मोजलेला असतो. आपण फोन ब्लाउजमध्ये खोचतो, कमरेला साडीत खोवतो. शेतात कापूस वेचताना तर हात मोकळे हवेत म्हणून दिवसभर तो कातडीला चिकटून असतो. चाचणी त्या स्थितीची झालेली नाही. पिशवी किंवा बाहेरचा खिसा वापरा. हृदयात पेसमेकर असेल तर फोन त्याच्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवायचा, म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात नाहीच. हे माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

आणि हो, साचा मोठ्या पुरुषाचा आहे, लहान मुलाचा नाही. मुलाचं डोकं लहान, कवटी पातळ, आणि त्याच्यापुढे वापराची वर्षं जास्त. म्हणून मुलांच्या बाबतीत मी थोडी जास्तच काळजी घ्यायला सांगते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण सवय लहानपणीच लागते.

बाजारात आल्यावरही चाचणी होते, हे ठाऊक असू द्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने आयफोन १२ दुकानातून घेऊन तपासला. हातात किंवा खिशात धरलेल्या फोनसाठी युरोपात किलोमागे ४ वॅटची वेगळी मर्यादा आहे, तिथे ५.७४ आला. विक्री थांबवली गेली. कंपनीला तो निष्कर्ष मान्य नव्हता, तरी तिने फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर बदलून दिलं. म्हणून फोनचे अपडेट टाळू नका. अँटेनाला ताकद किती द्यायची हेही सॉफ्टवेअरच ठरवतं.

५. फोन खरा आहे का, ते पाहा

वरचं सगळं चाचणी झालेल्या फोनला लागू. बनावट फोनवर छापलेल्या आकड्याला काही किंमत नाही.

*#०६# दाबा, १५ अंकी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येईल. खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या नंबराशी ताडून पाहा. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. फोनची कंपनी आणि मॉडेल उत्तरात येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हेच करता येतं. उत्तरातलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळलं नाही, तर फोन दुकानात परत न्या. आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून जुना फोन घेताना पैसे देण्याआधीच हे करा.

६. घरातली रेंज मोजा

ही पायरी मला धडगावच्या डोंगरांनी शिकवली.

मी सात वर्षं सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत होते. तळोद्याहून चांदसैली घाट चढला की रेंज जाते आणि मग कुठल्यातरी टेकडीवर, एखाद्या ठराविक झाडाखाली, काडी दिसते. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी संपलेली असायची, फोनला हात न लावता. मला वाटायचं फोन खराब आहे. तो दिवसभर दूरच्या टॉवरला हाक मारत होता.

फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन माणसांसारखं आहे. समोरचा जवळ असेल तर हळू बोललं तरी ऐकू जातं. नदीपलीकडे असेल तर ओरडावं लागतं. टॉवर फोनला सतत सांगत असतो की आवाज वाढव, कमी कर. रेंज चांगली असली की फोन आपली ताकद कितीतरी पटींनी उतरवतो. रेंज नसली की तो पूर्ण ताकदीवर जातो, आणि ही ताकद तुमच्या कानाला चिकटलेली असते. म्हणजे आपल्या शरीरात जाणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबात टॉवर लांब असणं हे फायद्याचं नाही. "फोनमध्ये टॉवर नाही" असं आपण म्हणतो ना, नेमक्या त्याच वेळी फोन कानापासून दूर हवा.

मोजायचं असं: सेटिंग्ज, फोनविषयी, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंथ. तिथे उणे चिन्हासह एक आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, दिसेल. ४जी वर उणे ८५ म्हणजे चांगली रेंज, उणे ११० म्हणजे वाईट. दिसायला फरक पंचवीसचा, पण हे माप पटींचं आहे. दर तीनला दुप्पट होतं, त्यामुळे या दोन आकड्यांत जवळजवळ तीनशे पटींचा फरक पडतो.

घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन आकडा लिहा. आमच्या ओट्यावर उणे ८८ आणि जाड भिंतींच्या मधल्या खोलीत उणे ११३ आला. लेक तिथेच बोलायची, पंखा तिथे होता म्हणून. आम्ही पंखा हलवला.

त्यानंतर एवढंच पाळायचं:

- चांगल्या आकड्याच्या जागी बसून बोला.
- लांब बोलणं असेल तर वायरचा इयरफोन किंवा स्पीकर. फोन वीतभर दूर गेला तरी शोषली जाणारी ऊर्जा फार घटते.
- घाटात, चालत्या एसटीत, एक काडी असताना कॉल नकोच. मेसेज करा.
- रात्री उशाखाली फोन नको. गजर हवा असेल तर एअरप्लेन मोडवर ठेवा.

आजोबांच्या २जी फोनचा एक शब्द. जुना फोन टीव्हीजवळ ठेवला आणि रिंग यायच्या आधी टीव्ही घुर्र-घुर्र करायचा, आठवतं? २जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर तुकड्या-तुकड्यांत २ वॅटपर्यंत सोडू शकतो, सरासरी पाव वॅटच्या आसपास. ४जी फोनची सर्वसाधारण कमाल ०.२ वॅट. आजोबांना स्पीकरवर बोलायची सवय लावा. ऐकूही नीट येतं.

७. आता टॉवरकडे या

दिव्याखाली अंधार ही म्हण टॉवरला तंतोतंत लागू पडते. अँटेना लहरी खाली ओतत नाही. ती त्या समोर, जवळजवळ आडव्या फेकते, किंचित खाली कलवून. त्यामुळे ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्या खोल्यांत सहसा कमीच येतं. लक्ष द्यायचं ते अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर असलेल्या जागेकडे. म्हणून स्वतःच्या गच्चीवर उभं राहा आणि पाहा: पांढऱ्या लांबट अँटेना तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आहेत, की बऱ्याच वर?

टॉवरसाठी भारताची मर्यादा अशा लहरींपासूनच्या संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याची आहे, तीही १ सप्टेंबर २०१२ पासूनच. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. अंदाज यावा म्हणून सांगते, भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट देतं. दोन्ही लहरींचे गुण वेगळे आहेत, तेव्हा ही तुलना फक्त मापाची जाणीव व्हावी म्हणून.

काय करायचं:

दूरसंचार विभागाचं "तरंग संचार" नावाचं पोर्टल आहे, मे २०१७ पासून. त्यावर मोबाईल नंबर आणि ईमेल देऊन आपला पत्ता टाकला की नकाशावर आजूबाजूचे टॉवर दिसतात. आपल्या टॉवरवर बोट ठेवा. तो मर्यादा पाळत असल्याचं कंपनीने प्रमाणित केलेलं आहे का, ते कळतं. टॉवर नकाशावरच नसेल तर ती बाब स्वतःच तक्रारीची आहे. फोटो आणि पत्ता जपून ठेवा.

एवढ्यावर समाधान नसेल तर तिथूनच प्रत्यक्ष मोजणीची मागणी करता येते. दूरसंचार विभागाच्या क्षेत्रीय कार्यालयाची माणसं येऊन मोजतात. शुल्क आहे. पोर्टल सुरू झालं तेव्हा ते ४००० रुपये होतं. भरण्यापूर्वी पोर्टलवर चालू आकडा पाहा. आम्ही गल्लीतल्या आठ घरांनी वर्गणी काढली. जिभाऊंनीही आपला वाटा दिला, आणि त्यामुळे गल्लीतला अबोला संपला. मला त्याचंच जास्त समाधान वाटलं.

मोजणीच्या दिवशी घरी थांबा. तिपाईवर उभ्या दांडीच्या टोकाला मुठीएवढा गोळा असलेलं यंत्र आणतात. तो गोळा सगळ्या दिशांनी येणाऱ्या लहरी एकत्र धरतो. एका जागी काही मिनिटं ठेवून सरासरी घेतात. इथे बहुतेक जण एक चूक करतात: अंगणातच मोजून घेतात आणि पाहुण्यांना चहा पाजून पाठवतात. आपण खान्देशातली माणसं. मार्च ते जून गच्चीवर गोधड्या टाकून झोपतो. गच्चीवर मोजायला आवर्जून सांगा, जिथे अंथरूण घालता नेमक्या त्या जागी. आमच्या घरचा सगळ्यात मोठा आकडा तिथेच आला. मर्यादेच्या बराच आत होता, पण मधल्या खोलीच्या कितीतरी पट. मी बाजेची जागा जिन्याच्या खोलीआड हलवली. गरज नव्हती, पण हलवायला कष्टही नव्हते.

टॉवरच्या जागी धोक्याची पाटी आणि अँटेनाजवळ जाण्यास मज्जाव करणारी सूचना हवी. ती नसेल तर लेखी कळवा. पतंगाच्या दिवसांत पोरं कुठल्याही गच्चीवर चढतात. अँटेनाच्या अगदी तोंडाशी उभं राहण्याची जागा मर्यादेबाहेरची असू शकते, तिथे मुलांना जाऊ देऊ नका.

८. पैसे काढणाऱ्यांपासून सांभाळा

फोनच्या पाठीला लावायची "अँटी-रेडिएशन" चिप मी स्वतः दीडशे रुपयांना घेतली होती, लेकीसाठी. लावल्यावर सिग्नलचा आकडा पाहिला: काही फरक नाही. म्हणजे ती काहीच अडवत नव्हती. आणि खरंच अडवत असती तर काय झालं असतं? रेंज घटली असती आणि फोनने उलट जास्त जोर लावला असता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना हेच सांगितलं आहे. गर्भवतींसाठी खास पोटपट्टे विकणारेही भेटतील. तो पैसा खारीक-खोबऱ्यावर घाला.

दुसरी फसवणूक शेतकऱ्यांची. "तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला एवढं भाडं, आगाऊ एवढे लाख," असा फोन किंवा मेसेज येतो. मग "कर", "ना हरकत दाखला", "विमा" या नावांनी आधी पैसे मागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, टॉवरसाठी असा कोणताही दाखला देत नाही आणि कर घेत नाही, हे त्यांनी वारंवार जाहीर केलं आहे. टॉवर कंपनी जागामालकाला भाडं देते, त्याच्याकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. नुसता संशयास्पद मेसेज असेल तर संचार साथीवरच्या "चक्षू" मध्ये नोंदवा. आमच्या नात्यातल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याचे असे पैसे गेले. लाजेपोटी तो तीन दिवस कुणाशी बोलला नाही. तुमच्या घरी असं झालं तर त्याला बोल लावू नका, आधी १९३० लावा.

९. "पण कॅन्सरचं काय?" असं कुणी विचारलं तर

विचारणारच. मी हे उत्तर वहीत लिहून ठेवलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरी "२बी" गटात टाकल्या. अर्थ: कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. त्या उंदरांना पूर्ण शरीरावर, दिवसाला नऊ तास, माणसाच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त लहरी दिल्या होत्या. आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून माणसांवरच्या ६३ अभ्यासांचा एकत्र आढावा झाला. मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

ओट्यावर हे सांगताना मी तिन्ही गोष्टी सांगते, सोयीची एकच नाही. ऐकणाऱ्या बायका शहाण्या असतात, त्या आपलं ठरवतात. डोकेदुखी, झोप न लागणं, गर्भारपणातली कोणतीही तक्रार असेल तर टॉवरवर ढकलू नका, दवाखान्यात दाखवा. आमच्या गल्लीत एका सुनेचं डोकं "टॉवरमुळे" दुखत होतं. तिचा रक्तदाब वाढलेला निघाला.

मोजणीचा अहवाल ईमेलवर आला की तीन प्रती काढा. एक गल्लीत ज्याच्याकडे कागद सांभाळले जातात त्याच्याकडे, एक नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत देऊन आवक शिक्का घेतलेली, एक घरी. टॉवरवर नव्या अँटेना चढताना दिसल्या, किंवा शेजारी त्याच उंचीचा मजला चढला, की आधीचा अहवाल जुना झाला असं समजा आणि सातव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. आमच्याकडे गेल्या दिवाळीनंतर दोन अँटेना वाढल्या आहेत. या उन्हाळ्यात गोधड्या गच्चीवर नेण्याआधी मी पुन्हा वर्गणी काढणार आहे.